परभणीत बसून समुद्र सांभाळायचा: पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या तुकड्यापासून ताटाएवढं लेदर कोरल

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, आहे, आई त्याला भुईछत्री म्हणते. तीन वर्षांखाली आणलं तेव्हा पाच रुपयाच्या नाण्याएवढं होतं, आता सकाळी पूर्ण फुललं की जेवणाच्या ताटाएवढं होतं, काठाला घड्या पडल्यात, खालचा दांडा माझ्या मनगटापेक्षा जाड झालाय. पाहुणे आले की पहिला प्रश्न "हे जित्तं हाय का?" आणि दुसरा "परभणीत कसं काय जगायलंय हे?" पहिल्याचं उत्तर हो, जिवंत आहे आणि ते झाड नाही, प्राणी आहे. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की कोरल मोठं व्हायला लई महागडी मशिनरी लागते. लागते थोडी, पण कोरल वाढतं ते आज जे पाणी होतं तेच उद्या, तेच परवा मिळालं की. तेवढंच तापमान, तेवढंच खारटपण. मुंबईवाल्याला हे जमवायला फार कष्ट नाहीत, आपल्याकडं मात्र मे महिन्यात एक्केचाळीस-बेचाळीस, डिसेंबरात रात्री दहाच्या खाली, बोरचं पाणी जड आणि लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं आपलं निम्मं काम कोरलचं नसतंच, ते पाणी, ऊन आणि विजेचं असतं.

कोणतं कोरल घ्यायचं

कोरलचे ढोबळ दोन प्रकार, हार्ड आणि सॉफ्ट. हार्ड म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारी, फोटोत दिसतात ती निळी-जांभळी फांद्यांची. त्यांना रोज कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) मोजून घालावी लागते, लाईट तगडा लागतो आणि तापमान दोन-तीन दिवस हललं तरी फांद्या पांढऱ्या पडतात. नवख्या माणसानं मराठवाड्यात यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळाचे खडक, बांधणारी सगळी हार्ड कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. आपल्या समुद्रातून काढलेला यांचा जिवंत तुकडा काय, मेलेला सांगाडा पण ठेवता येत नाही. परदेशातून आलेल्या हार्ड कोरलला सायटिसचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी पण करावी लागते. मालवणला फिरायला गेलात आणि कुणी "घेऊन जा की दादा एक तुकडा" म्हणलं तर हात जोडा आणि पुढं चला, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

सॉफ्ट कोरलमध्ये लेदर, मशरूम, झोआ, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप हे नवख्याचे सोबती. मोठी कॉलनी बघायची हौस असेल तर त्यात सगळ्यात भारी टोडस्टूल लेदर, शास्त्रीय नाव सार्कोफायटॉन. हे चुन्याचा मोठा सांगाडा बांधत नाही, अंगात फक्त बारीक बारीक काटे असतात, त्यामुळं कॅल्शियमची भूक कमी, आणि चुका पोटात घालतं. विकत घेताना मात्र बिल घ्या आणि आयातीचा माल असेल तर कागद बघायला मागा. दुकानदार कागदाचं नाव काढल्यावर चिडला तर दुकान बदला.

टाकी आणि जागा

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फुटाच्या जरा वर उंच अशी टाकी घ्या, साधारण २०० लिटर. छोटी टाकी स्वस्त वाटते पण थोडं पाणी लवकर तापतं, लवकर बिघडतं. २०० लिटरचं वजन काच, दगड, स्टँड धरून तीनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून आरसीसी स्लॅब असेल तर भिंतीला लागून ठेवा आणि जुन्या वाड्यात राहत असाल तर तळमजल्यालाच ठेवा, माळवदावर चढवायचा विचार पण करू नका. पश्चिमेची खिडकी टाळा. देवघराजवळची जागा पण टाळा, कारण खाली सांगतो.

दगड सिरॅमिकचे किंवा रीफसाठी बनवलेले कृत्रिम घ्या, पंचवीस-तीस किलो. समुद्रातून फोडून आणलेला लाईव्ह रॉक कुणी देत असेल तर तो बहुतेक वेळा कोरलचाच सांगाडा असतो, परत तोच कायदा. मला एकानं विचारलं की आपल्याकडचा काळा पाषाण चालेल का, फुकट आहे. चालत नाही हो, त्या घट्ट दगडाला बारीक छिद्रंच नसतात, बॅक्टेरियानं राहायचं कुठं? आणि नदीची वाळू पण नको. गोदावरीच्या वाळूवरून इकडं डोकी फुटतात ते वेगळं, पण त्या वाळूत लोखंडाचे काळे कण असतात, ते पंपाच्या चुंबकाला चिकटतात, शिवाय सिलिकामुळं तपकिरी शेवाळ माजतं. अॅरॅगोनाईट वाळू घ्या, नाहीतर तळ रिकामाच ठेवा, साफ करायला सोपा जातो.

पाणी, इथंच निम्मे लोक हरतात

आमच्या बोरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ११०० आहे. नळाला पाणी आलं तर आलं, आणि आलं तरी त्यात क्लोरीन. कोरलच्या टाकीला टीडीएस शून्य पाणी लागतं, जवळपास नाही, शून्य.

"घरी आरओ आहे की" असं सगळे म्हणतात, मी पण म्हणलो होतो. घरच्या आरओमध्ये चवीसाठी एक टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो, काहींमध्ये वरून मिनरल पण घालतात. पिण्याला ठीक आहे पण त्या मिसळलेल्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणि बोरमध्ये जे काय असेल ते सगळं टाकीत जातं, आणि दोन महिन्यांत दगडावर हिरवी दाढी उगवते. पाण्याच्या जारचं पण तेच. म्हणून वेगळा छोटा आरओ बसवा, कंट्रोलर बंद किंवा काढलेला, आणि त्याच्या पुढं डीआय रेझिनची नळी जोडा, आरओतून सुटलेले क्षार ते रेझिन धरून ठेवतं. रेझिन रंग बदलणारं घ्या, संपत आलं की रंगावरून कळतं. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, दर वेळी डीआयच्या पुढचं पाणी मोजा, मीटरनं एक दाखवलं की रेझिन बदलायची तयारी करा.

आरओ एक लिटर देताना तीन-चार लिटर फेकतो, आणि आपल्याकडं २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती हे आपण विसरलेलो नाही, मीही विसरलो नाही आणि माझी बायको तर अजिबात नाही. ते फेकलेलं पाणी मी ड्रममध्ये धरतो, फरशी, गाडी, संडासाला वापरतो. झाडांना घालत नाही, क्षार जास्त असतात. कूलरला पण नको, पॅडवर पांढरा थर बसतो.

मीठ समुद्री अॅक्वेरियमचंच घ्या. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराईड, समुद्राच्या पाण्यातल्या क्षारात शंभरात जवळपास पंच्याऐंशी भाग तेच असतं हे खरं, पण उरलेल्या पंधरा भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असतं आणि कोरल त्याच पंधरा भागावर जगतं. २० लिटर पाण्याला ब्रँडप्रमाणं ७०० ते ७६० ग्रॅम मीठ लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतं, वजनकाट्यावर मोजा, वाटीनं अंदाजे टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरनं बघा, खारटपण ३५ पीपीटी किंवा स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६ आली पाहिजे. आणि तांब्याची घागर, पितळेचा नळ, पितळी व्हॉल्व्ह यातून आलेलं पाणी चुकूनही नाही. तांबं माणसाला चांगलं असेल, कोरलला आणि शंख-कोळंबीला विष आहे.

आता उडणाऱ्या पाण्याचं बघू. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळं कमी झालेलं पाणी गोड्या शून्य टीडीएसच्या पाण्यानंच भरायचं. माझ्या एका मित्रानं उन्हाळ्यात रोज पाच लिटर खारं पाणी भरलं, त्याला वाटलं समुद्राची टाकी आहे तर समुद्राचंच पाणी भरायचं. हिशोब करा, दहा दिवसांत पावणेदोन किलो मीठ जास्तीचं गेलं, २०० लिटरमध्ये ३५ चं ४३-४४ झालं, आणि अकराव्या दिवशी मला फोन, की सगळं का आकसलंय. रोज हातानं भरणं जमत नसेल तर कूलरला असतो तसा फ्लोट व्हॉल्व्ह संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, लावा आणि वर गोड्या पाण्याचा कॅन ठेवा. फक्त तो फ्लोट पूर्ण प्लॅस्टिकचा घ्या, आपल्या बाजारात पितळी जास्त मिळतात.

ऊन

टाकी २५ ते २७ मध्ये ठेवायची, आणि एका दिवसात एक-दीड डिग्रीपेक्षा जास्त हलू द्यायची नाही. तीसच्या वर काही दिवस राहिलं की कोरलच्या अंगात राहणारं शैवाल बाहेर पडतं, आणि कोरलचं बरंचसं जेवण तेच शैवाल उजेडापासून बनवून देतं, ते गेलं की कोरल पांढरं पडून उपाशी मरतं. समुद्रातलं ब्लीचिंग ऐकलं असेल, तेच घरात होतं.

मला आधी वाटायचं चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनशिवाय, मे निघणारच नाही. मग लक्षात आलं की आपल्या कोरड्या उन्हाचा फायदा आहे. एक लिटर पाणी उडालं की २०० लिटर टाकीतून साधारण तीन डिग्री उष्णता घेऊन जातं, माठाचं पाणी गार होतं ना, तेच गणित. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पाण्यावर तिरके मारलेले दोन छोटे पंखे, कॉम्प्युटरमधले असतात तसले, टाकीला २७ वर धरतात. मी त्यांना थर्मोस्टॅट लावलाय, २७ ला चालू, २६.५ ला बंद. पाणी रोज पाच-सहा लिटर उडतं, भरायचं. झाकण काढून त्या जागी जाळी लावा, नाहीतर मासा उडी मारून फरशीवर सापडतो.

गंमत अशी की खरा त्रास मेमध्ये होत नाही, जुलै ते सप्टेंबरमध्ये होतो. पाऊस पडून गेल्यावर हवा दमट, पंखा फिरतो पण पाणी उडतच नाही, टाकी २९ च्या पुढं सरकते आणि आपण बिनधास्त असतो कारण बाहेर गार वाटतं! त्याच कारणानं टाकीच्या खोलीत एअर कूलर लावला तर टाकीचे पंखे थंडावतात, खोली दमट झालेली असते. ऐपत असेल तर छोटा चिलर पावसाळ्यासाठी ठेवा, आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल असं बघा, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेशी भांडत बसतो. एसी असेल तर दिवसभर लावून रात्री बंद असं करू नका, त्या चढउतारापेक्षा कायम २७ परवडलं. हिवाळ्यात २०० वॅटचा हीटर लागतोच, वेगळ्या कंट्रोलरवर लावा, कारण हीटरचा आतला थर्मोस्टॅट चिकटला तर मासे उकडून निघतात.

लाईट गेली तर

उजेडाचं काही नाही, कोरलला एक-दोन दिवस अंधार चालतो. पाणी थांबलं की प्रॉब्लेम, कारण ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागातून मिसळतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. मामाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे सेलूला गेलो होतो, वैशाख, वरातीत असताना शेजाऱ्याचा फोन की गल्लीतली डीपी जळाली, दुपारपासून लाईट नाही. रात्री अकराला घरी आलो तेव्हा मासे वर तोंड काढून गपागपा करत होते, लेदर पूर्ण मिटून मुठीएवढं झालेलं. त्या रात्री मी आणि बायको आळीपाळीनं तांब्यानं... म्हणजे प्लॅस्टिकच्या मगनं पाणी वरून ओतत बसलो, पहाटे तीनपर्यंत, एक मासा गेला.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते वेव्ह पंपाची (टाकीत लाटा करणारा पंप) वायर घरच्या इन्व्हर्टरवर घेतली. पंप पंधरा वॅटचा, दीडशे एएचच्या बॅटरीवर एकटा असेल तर रात्रभर सहज निघते. चिलर, हीटर, मोठा लाईट इन्व्हर्टरवर घेऊ नका. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप मिळतो, तो तरी घ्याच.

महिनाभर रिकामी टाकी बघत बसायची

पाणी, दगड, मीठ, पंप झालं की मासे नाही, कोरल नाही. आधी माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया. अमोनिया टाका, हवं तर बाटलीतले बॅक्टेरिया पण टाका, अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य, नायट्रेट दिसायला लागलं की एक-दोन मासे. क्लाऊनफिश हॅचरीत पैदा झालेले मागा, कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास करायचं तंत्र बसवलंय, त्यामुळं समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. मग तपकिरी शेवाळ येईल, मग हिरवं येईल, टाकी इतकी घाण दिसेल की घरचे म्हणतील काढून टाका. थांबा. शंख सोडा आणि थांबा. कोरल तिसऱ्या महिन्यात.

लाईट आणि पंप, पटकन सांगतो. निळा जास्त असलेला रीफ एलईडी, रोज आठ-नऊ तास, टायमरवर. लेदरला मध्यम उजेड पुरतो, १०० ते १५० पार (कोरलला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप). सुरुवात वीस-तीस टक्क्यांपासून, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर. वेव्ह पंप दोन, मिळून ताशी पाच-सहा हजार लिटर, समोरासमोर असे की प्रवाह कोरलवर सरळ न आदळता इकडून तिकडून हेलकावे देईल. जोंधळ्याच्या शेतात वारं फिरतं तसं पॉलिप, म्हणजे कोरलच्या अंगावरची बारीक फुलांसारखी तोंडं, हलले पाहिजेत. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, असला तर चांगलं.

आणायचं कसं आणि लावायचं कसं

खरेदी दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत उरका, त्या दिवसात प्रवासात पाणी तापत नाही. मी मुंबईहून थर्माकोलच्या बॉक्समध्ये घालून रात्रीच्या देवगिरीनं आणतो, सकाळी परभणी. बॉक्स सीटखाली, डब्यात शेजारचे विचारतात आंबे हायत का.

घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग पिशवीतलं पाणी एका डब्यात काढून बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा, अर्धा-पाऊण तास. मग वेगळ्या भांड्यात आयोडीनचं किंवा कोरल डिपचं औषध, बाटलीवर दिलंय तेवढाच वेळ. यात बारीक किडे, गोगलगायी गळून पडतात. तुकड्याच्या बुडाशी आयप्टेशिया दिसतोय का बघा, तपकिरी, काचेसारखा, लांब दोऱ्यांचा छोटा अॅनिमोन, तो एकदा टाकीत घुसला की हरळीसारखा पसरतो. बुडाचा जुना प्लग, म्हणजे तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी बैठक, तोडून टाकणं सगळ्यात बरं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

जागा निवडताना आजचा तुकडा बघू नका, तीन वर्षांनंतरचं ताट बघा. चारी बाजूंनी किमान वीतभर मोकळं, वर पण मोकळं, कारण मोठं झालेलं लेदर खालच्यावर छत्रीसारखी सावली धरतं आणि खालचे सगळे उपाशी मरतात. शिवाय लेदर पाण्यात तिखट रसायनं सोडतं, शेजाऱ्याची वाढ खुंटवायला, म्हणून अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम ठेवायची आणि महिन्याला बदलायची. ग्रीन स्टार आणि झेनिया हे कधीच मुख्य दगडाला लावू नका, वाळूत वेगळ्या दगडावर बेट करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत गाजरगवत.

आणि मग हात खिशात. लिहायला सोपं आहे, करायला सगळ्यात अवघड हेच. माझं लेदर आणल्यावर नवव्या दिवशी मिटलं, पॉलिप आत, वरून मेण फासल्यासारखी चकाकी, रंग मळकट. मी घाबरून वर सरकवलं, दोन दिवसांनी खाली, मग प्रवाहाच्या तोंडासमोर, मग परत वर, दरम्यान दोन वेळा पाणी बदललं. अठराव्या दिवशी वैतागून सोडून दिलं. एकविसाव्या दिवशी सकाळी बघतो तर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पापुद्रा कडेनं सुटून लटकतोय, पंपाच्या लाटेनं तो निघून गेला, आणि आतून कोवळं पिवळसर अंग आणि दुपारपर्यंत सगळे पॉलिप बाहेर. ते कात टाकत होतं! लेदर अधूनमधून असंच करतं, अंगावर बसलेलं शेवाळ, घाण काढून टाकायला, तीन दिवस ते दोन आठवडे घेतं. माझ्या हलवाहलवीनं त्याला जास्त लागले.

मेलंय की कात टाकतंय हे कसं ओळखायचं? दांडा बघा. दांडा ताठ आणि घट्ट असेल तर निवांत राहा. दांडा लुळा पडून एका जागी काळपट-तपकिरी लगदा दिसत असेल, सडका वास येत असेल तर ते सडणं आहे, तेवढा भाग धारदार ब्लेडनं चांगल्या मांसापर्यंत कापून टाका, आयोडीनमध्ये बुडवा, प्रवाह वाढवा.

खाणं आणि आकडे

लेदरला वेगळं भरवायची गरज नाही, माशाला जे घालता त्यातून आणि उजेडातून भागतं. उलट लोक पाणी इतकं स्वच्छ करतात की नायट्रेट-फॉस्फेट शून्य होतं, मग कोरल उपाशी आणि वर डायनो नावाचं बुडबुड्याचं तपकिरी शेंबूड शेवाळ. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १४००. फक्त सॉफ्ट कोरल असतील तर हे सगळं आठवड्याला २० लिटर पाणी बदलल्यानं आपोआप राहतं, त्यासाठी औषधांच्या बाटल्या घेऊ नका. आकडा थोडा चुकला तरी हरकत नाही, पण दुरुस्ती एका दिवसात करायची नाही. मी वहीत रविवारी तापमान, खारटपण, अल्कलिनिटी लिहितो. वही कंटाळवाणी आहे पण "काहीतरी बिघडलंय" असं वाटतं तेव्हा तीच कामाला येते.

घरातली विषं

डासांची कॉइल, लिक्विड मशीन, स्प्रे यांत पायरेथ्रॉइड प्रकारची औषधं असतात, माणसाला सहन होतात, मासे-कोळंबीला अजिबात नाही. एअर पंप आणि स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतात, त्यामुळं टाकीच्या खोलीत यातलं काहीच नाही, मच्छरदाणी वापरा. पालिकेची धुराची गाडी आली की खिडक्या लावून एअर पंप तेवढा वेळ बंद. देवघर लांब ठेवायला सांगितलं ते धूप-अगरबत्तीसाठी. दिवाळीच्या रंगकामात पण तेच, आणि टाकीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत नुसत्या पाण्यानं हात धुवा, सॅनिटायझर, क्रीम लावलेला हात नको.

एक धोका आपल्यासाठी पण आहे. झोआ आणि पॅलिथोआ या बटणासारख्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असू शकतं. त्यांना कापताना, घासताना हातमोजे आणि चष्मा लावायचाच, हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही, आणि ते असलेला दगड साफ करायला कधी उकळायचा नाही, त्या वाफेनं माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर मी झोआ घेऊच नका म्हणेन.

कॉलनी मोठी झाली की कापायची

दोन-अडीच वर्षांत छत्री इतकी पसरते की मागचा दगड दिसत नाही, खाली सावलीत काही जगत नाही. तेव्हा कापायचं. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, आई मागून म्हणायली, "एवढं लेकरासारखं वाढवलंस आन् आता कापायलास व्हय?"

टाकीत कापायचं नाही. टाकीचंच पाणी बादलीत घ्या, कोरल दगडासकट त्यात ठेवा, नवीन ब्लेड, हातमोजे. छत्रीच्या काठाची दोन-तीन बोटं रुंद फाक एका झटक्यात कापा, करवतीसारखं घासायचं नाही. पाणी चिकट होतं आणि उग्र वास सुटतो, घाबरू नका. मूळ कोरल दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून परत त्याच जागी, त्याच तोंडानं. टाकीत नवा कार्बन टाका. आठवडा-दोन आठवड्यांत कापलेली कड गोल होऊन भरून येते. पूर्ण छत्री उडवून नुसता दांडा ठेवला तरी त्यातून नवी छत्री फुटते, पण नवख्यानं काठापासून सुरुवात करावी.

फाकेचे सुपारीएवढे तुकडे करा. लेदर बुळबुळीत असतं, गोंद धरत नाही, मी दोन ट्यूब वाया घालवून शिकलो. दगडाचे बारीक खडे एका प्लॅस्टिकच्या डब्यात घाला, तुकडे त्यावर ठेवा, वरून कापडी जाळी रबरानं बांधा आणि डबा मंद प्रवाहात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत तुकडा स्वतःच खड्याला धरतो, मग खड्याला गोंद लावून कुठंही बसवा.

मागच्या डिसेंबरात असे सहा तुकडे झाले. दोन नांदेडला, एक जालन्याला, एक लातूरच्या एका सरांना दिला. दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा, तुकडा खड्यासकट थर्माकोलच्या चकतीला उलटा बांधलेला म्हणजे तरंगत राहतो आणि तळाशी घासत नाही, पिशवीभोवती वर्तमानपत्र, बॉक्सवर मोठ्या अक्षरात "ही बाजू वर" आणि आपला नंबर. सरांचा परवा फोटो आला, तुकडा मिटलाय, वर मेणासारखी चकाकी, आणि खाली लिहिलंय: जागा बदलू का?